बारावा चार्ल्स पोल्टाव्हाला का हरला: थंडी, जखम, हट्ट आणि संपत गेलेली माणसे

प्रश्न असा आहे: १७०० साली बाल्टिक काठाजवळच्या नार्वाला आपल्या तिप्पट-चौपट रशियन सैन्याचा फडशा पाडणारा स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स १७०९ मध्ये युक्रेनमधल्या पोल्टाव्हाला सगळे सैन्य घालवून बसला. हे रशियाच्या थंडीमुळे झाले, पायाच्या जखमेमुळे की त्याच्या हट्टामुळे?

तिन्ही गोष्टी घडल्या, पण तिन्ही दुय्यम आहेत. मूळ कारण सैन्य उभे करण्याच्या पद्धतीत आहे. चार्ल्सला वडिलांकडून मिळालेले सैन्य त्या काळच्या युरोपात कुणालाही भारी पडेल असे होते, पण त्यातला मेलेला माणूस भरून निघायला फार वेळ लागे. वडिलांनी ते देशाच्या रक्षणासाठी बांधले होते. मुलाने ते देशापासून फार दूर, सलग नऊ वर्षे वापरले आणि बहुतेक विजयांनंतर युद्ध संपवण्याऐवजी पुढची मोहीम काढली. हे हिशेब न बघता नुसत्या लढाया वाचल्या, तर चार्ल्स कधी देवासारखा वाटतो, कधी वेडा. तो दोन्ही नव्हता.

त्याचा जन्म २७ जून १६८२ चा, स्टॉकहोमचा. वडील अकरावा चार्ल्स एप्रिल १६९७ मध्ये वारले. त्यांचे पार्थिव राजवाड्यात ठेवलेले असतानाच मे महिन्यात तो जुना राजवाडा आगीत गेला. त्याच वर्षी पंधरा वर्षांच्या मुलाला सज्ञान ठरवून सत्ता देण्यात आली. राज्याभिषेकाला जाताना मुकुट त्याने आधीच स्वतः डोक्यावर चढवला होता आणि राजाने घ्यायची शपथ घेतली नाही. स्वीडनमध्ये तेव्हा निरंकुश राजेशाही होती. १६८० पासून वडिलांनी सरदारांकडे गेलेल्या जमिनी मोठ्या प्रमाणावर सरकारजमा केल्या होत्या, आणि सैन्य त्या उत्पन्नावर उभे होते. म्हणजे युद्ध कधी थांबवायचे हे राजाला सांगू शकेल अशी संस्थाच उरली नव्हती. पुढचे सगळे समजून घ्यायला ही गोष्ट आवश्यक आहे.

तारखांबद्दल आधीच सांगतो, कारण इथे वाचणारे हमखास गोंधळतात. रशिया जुने ज्युलियन पंचांग वापरत होता, पश्चिम युरोपातला मोठा भाग नवे ग्रेगोरियन, आणि स्वीडनने १७०० साली लीप दिवस गाळून दोन्हींच्या मधलेच एक पंचांग सुरू केले. त्यामुळे पोल्टाव्हाची लढाई रशियन कागदांत २७ जूनला, स्वीडिश कागदांत २८ जूनला आणि नव्या पंचांगाने ८ जुलैला आहे. हा घोळ निस्तरायला चार्ल्सने १७१२ मध्ये फेब्रुवारीला आणखी एक दिवस जोडून जुने पंचांग परत आणले, म्हणून स्वीडनच्या इतिहासात ३० फेब्रुवारी १७१२ ही तारीख खरोखर आहे. खाली सगळीकडे नव्या पंचांगाच्या तारखा दिल्या आहेत.

आता सैन्य. स्वीडनच्या ताब्यातल्या सगळ्या मुलखाची लोकसंख्या मिळून पंचवीस लाखांच्या आसपास होती. त्यात फिनलंड आणि बाल्टिकचे प्रांतही आले. त्याच वेळी फ्रान्सची लोकसंख्या दोन कोटींच्या घरात होती. एवढ्या लहान देशाला भाडोत्री सैन्य परवडणारे नव्हते. अकराव्या चार्ल्सने प्रत्येक प्रांताशी करार केला: प्रांताने एक पलटण कायम भरलेली ठेवायची, बदल्यात सक्तीची भरती होणार नाही. पायदळासाठी साधारण दोन शेतकरी कुटुंबांचा एक गट करायचा. त्या गटाने एक शिपाई शोधायचा, त्याला भरतीची रक्कम, कपडे, एक छोटे घर आणि कसायला थोडी जमीन द्यायची. शिपाई शांततेत शेती करी, ठरलेल्या दिवशी कवायतीला जाई, आणि युद्ध लागले की निघे. घोडेस्वारासाठी एखादा मोठा शेतकरी घोडा, माणूस आणि सामान पुरवी आणि त्याला सारामाफी मिळे.

पायदळाच्या पलटणीत पूर्ण भरतीत १,२०० माणसे, १५० जणांच्या आठ कंपन्या. चार कंपन्या मिळून ६०० जणांची एक बटालियन, आणि लढाईत हेच मूळ एकक. एका कंपनीतली माणसे शेजारच्या गावांची, एकमेकांना लहानपणापासून ओळखणारी. पळून गेलेल्या माणसाला परत गावात तोंड दाखवावे लागे, म्हणून ही पलटण सहसा फुटत नसे. पण याचीच दुसरी बाजू अशी की एका वाईट दिवशी एका तालुक्याची तरुण पिढी संपे. शिपाई मेला की त्याच गटाने दुसरा द्यायचा. युद्ध लांबले तसे तीन-तीन गटांनी मिळून आणखी एक शिपाई द्यायचा अशा जादा पलटणी काढल्या गेल्या, नंतर पाच गटांमागे एक अशाही. हा नवा माणूस शिकवायचा, जहाजातून बाल्टिकपार न्यायचा आणि तिथून पोलंडमध्ये चालवायचा, यात कित्येक महिने जात. चार्ल्स सीमेपासून जितका दूर जाईल तितका हा काळ वाढत होता. १७०८ नंतर तर स्वीडनहून एकही नवा शिपाई त्याच्यापर्यंत पोचू शकला नाही.

लढण्याची पद्धतही याच तुटवड्यातून आली. कमी माणसे असतील तर लांबून गोळीबार करत दिवसभर झिजत राहणे परवडत नाही. स्वीडिश बटालियन चार रांगांत उभी राही. साधारण एक तृतीयांश माणसांकडे बंदुकीऐवजी साडेपाच मीटर लांबीचा भाला असे. इतर बहुतेक देशांनी तोपर्यंत भाले टाकून संगीन घेतली होती, स्वीडनने भाला मुद्दाम ठेवला. हुकूम असा की शांतपणे चालत राहायचे, शत्रू गोळ्या झाडत असला तरी उत्तर द्यायचे नाही. सुमारे चाळीस पावलांवर मागच्या दोन रांगांनी पुढे येऊन फैर झाडायची, आणखी जवळ गेल्यावर पुढच्या दोन रांगांनी, आणि लगेच तलवार, भाला व संगीन घेऊन तुटून पडायचे. बंदूक पुन्हा भरायची नाही.

हे वेडेपणाचे वाटते, पण हिशेब करून पाहा. त्या काळची बंदूक भरायला अर्धा मिनिट किंवा जास्त लागे, आणि शंभर मीटरवरून नेम लागणे नशिबावर होते. झपाट्याने चालणारी रांग शत्रूच्या मारगिरीचा पट्टा एक-दीड मिनिटात ओलांडते. म्हणजे शत्रूला दोन, फार तर तीन फैरी मिळतात, आणि त्यातली शेवटचीच खरी घातक असते. समोरची पलटण कच्ची असेल तर ती शेवटची फैर झाडण्याआधीच मोडते. घोडदळही असेच: पिस्तुलांचा खेळ नाही, गुडघ्यामागे गुडघा अडकवून बाणाच्या टोकासारखी रचना आणि थेट तलवारीने भोसकणे. ही पद्धत दोन परिस्थितींत कोसळते. शत्रूच्या तोफा भरपूर असतील तेव्हा, कारण तोफेचा पट्टा एका मिनिटात ओलांडता येत नाही. आणि समोर मातीचे बांधकाम असेल तेव्हा, कारण तिथे धावत्या हल्ल्याचा वेगच मरतो. पोल्टाव्हाला दोन्ही एकत्र आले.

युद्ध चार्ल्सने सुरू केले नव्हते, हेही लक्षात ठेवावे. १६९९ मध्ये डेन्मार्क, रशिया आणि सॅक्सनीचा ऑगस्टस (जो पोलंडचाही राजा होता) यांनी स्वीडनविरुद्ध गुप्त युती केली. १७०० च्या सुरुवातीला सॅक्सन सैन्य स्वीडनच्या ताब्यातल्या रीगावर आले, डेन्मार्क स्वीडनच्या मित्रराज्यात घुसला. चार्ल्सने एप्रिलमध्ये स्टॉकहोम सोडले आणि पुढे अठरा वर्षे जगूनही ते शहर पुन्हा पाहिले नाही. इंग्रज व डच आरमाराच्या आधाराने तो ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या मुख्य बेटावर उतरला आणि दोन आठवड्यांत डेन्मार्क तहाला आला. त्याच्या आयुष्यातली ही सर्वात नीटस मोहीम: उद्देश ठरलेला, जमीन जवळची, आरमार पाठीशी, आणि शेवटी सही.

मग नार्वा. रशियाचा झार पीटर याने स्वीडनच्या ताब्यातले हे शहर वेढले होते. रशियन सैन्य साधारण ३५,००० चे, स्वीडिश १०,००० च्या आसपास. पीटर लढाईच्या आधीच निघून गेला होता आणि सूत्रे एका परदेशी सेनापतीकडे, ड्यूक द क्रॉयकडे होती. रशियन रांग शहराभोवती अर्धवर्तुळात काही किलोमीटर पसरलेली, म्हणजे सगळीकडे पातळ. चार्ल्सने ३० नोव्हेंबरला दोनच ठिकाणी जोर लावला. शिपायांनी खंदक बुजवायला काटक्यांच्या जुड्या बरोबर आणल्या होत्या. दुपारी हिमवादळ उठले, ते स्वीडिशांच्या पाठीशी आणि रशियनांच्या तोंडावर. त्या आडोशाने स्वीडिश बटालियन तटापर्यंत पोचल्या, तट फोडला आणि दोन्ही बाजूंना वळून रांग गुंडाळत नेली. पळणाऱ्यांच्या भाराने नदीवरचा पूल मोडला. सगळा रशियन तोफखाना हाती आला. स्वीडनचे सुमारे ६७० मेले आणि १,२०० जखमी झाले. आकडा लहान वाटतो, पण तो सैन्याच्या जवळजवळ पाचवा भाग आहे. ‘स्वस्तात मिळालेला विजय’ हे नार्वाचे वर्णन मला म्हणूनच पटत नाही.

नार्वानंतर चार्ल्स मॉस्कोवर का गेला नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. हिवाळा लागला होता, छावणीत रोगराई होती, आणि पाठीशी ऑगस्टसचे शाबूत सॅक्सन सैन्य होते. त्याला सोडून पूर्वेला जाणे म्हणजे रसदेचा रस्ता शत्रूच्या हाती देणे. जुलै १७०१ मध्ये त्याने रीगाजवळ दाउगावा नदी ओलांडली. त्याच्यासोबत नावांतून सुमारे ७,००० माणसे होती. ओले गवत पेटवून धुराचा पडदा केला आणि तराफ्यांवर तोफा चढवल्या. नदी ओलांडून हल्ला कसा करावा याचे इतके चांगले उदाहरण त्या शतकात विरळाच.

चूक पुढे झाली. ऑगस्टसला हरवणे पुरेसे नव्हते, त्याला पोलंडच्या गादीवरून काढायचेच, असे चार्ल्सने ठरवले. १७०२ मध्ये क्लिशोवला मोठा विजय मिळाला, वॉर्सा आणि क्राकोव्ह घेतले, १७०४ मध्ये स्तानिस्लाव लेश्चिन्स्कीला राजा म्हणून निवडून आणले. पण या नव्या राजामागे पोलिश सरदारांचा खरा पाठिंबा नव्हता. स्वीडिश संगिनी हलल्या की त्याची सत्ता हलायची. सैन्य पोसायला पोलंडमधून खंडणी गोळा केली जाई, न दिल्यास गावे जाळली जात, आणि त्यामुळे तोच मुलूख शत्रू होई. या सहा वर्षांत पीटरने बाल्टिकचा काठ तुकड्यातुकड्याने घेतला: १७०२ मध्ये नेव्हा नदीच्या उगमाचा किल्ला, १७०३ मध्ये मुखाचा आणि तिथेच सेंट पीटर्सबर्गचा पाया, १७०४ मध्ये खुद्द नार्वा. त्याने तोफा नव्याने ओतल्या, अधिकारी शिकवले, लहान लढायांत सैन्य मुरवले.

फेब्रुवारी १७०६ मध्ये फ्राउश्टाटला रेन्शोल्ड या चार्ल्सच्या सर्वात कुशल सेनापतीने नऊ-साडेनऊ हजार माणसांनिशी जवळपास दुप्पट सॅक्सन-रशियन सैन्याला दोन्ही बगलांनी वेढून संपवले. त्या लढाईनंतर शरण आलेल्या रशियन सैनिकांची कत्तल झाली. स्वीडिश शौर्याची वर्णने करणारे हा भाग गाळतात, तसे करू नये. त्याच वर्षी चार्ल्स सॅक्सनीत घुसला आणि सप्टेंबरमध्ये आल्टरानश्टेटच्या तहाने ऑगस्टसने पोलिश मुकुट सोडला.

ही चार्ल्सच्या सत्तेची सर्वोच्च पातळी. सॅक्सनीच्या पैशावर त्याने वर्षभर सैन्य पोसले, नवे कपडे, नवे घोडे, नवी भरती केली. एप्रिल १७०७ मध्ये इंग्रज सेनापती मार्लबरो स्वतः त्याला भेटायला आला, कारण हे सैन्य फ्रान्सकडे वळेल का याची इंग्लंडला धास्ती होती. पीटरने या काळात तहाची तयारी दाखवली होती: नेव्हाच्या मुखाचा पट्टा आणि पीटर्सबर्ग ठेवू द्या, बाकी परत घ्या. चार्ल्सने नकार दिला. पोल्टाव्हाचा पराभव कुठे झाला असे विचाराल तर मी सॅक्सनीतल्या या नकाराकडे बोट दाखवीन. मुखाचा तो पट्टा त्या वेळी दलदलीचा होता, आणि त्यासाठी अख्खे साम्राज्य पणाला लागले.

रशियावरची स्वारी १७०८ च्या सुरुवातीला ग्रोडनोपासून खऱ्या अर्थाने सुरू झाली. चार्ल्सजवळ मुख्य सैन्य तीस-पस्तीस हजारांचे. रीगाकडून त्याचा सेनापती लेव्हेनहाउप्ट साडेबारा हजार माणसे आणि हजारो गाड्या भरून धान्य व दारूगोळा घेऊन मिळणार होता. पीटरने आधीच ठरवले होते की मोठी लढाई टाळायची आणि वाटेतले धान्य, वैरण, गावे जाळत मागे सरायचे. १४ जुलैला होलोव्चिनला चार्ल्सने रात्री दलदल आणि नदी पार करून रशियन सैन्य दोन भागांत तोडले. पण रशियन सैन्य मोडून पळाले नाही, शिस्तीत मागे हटले. आठ वर्षांत काय बदलले हे तिथेच दिसले होते.

मग मोगिल्योवला थांबणे आले. लेव्हेनहाउप्ट उशिरा निघाला होता, लादलेल्या गाड्यांचा तांडा पावसात रखडत होता. ऑगस्टमध्ये चार्ल्स त्याची वाट न बघता पुढे सरकला. सप्टेंबरच्या मध्यावर स्मोलेन्स्कच्या सीमेवर पोचल्यावर समोर क्षितिजापर्यंत धूर होता. पुढे जायला दाणा नाही, थांबायला दाणा नाही. मागे लेव्हेनहाउप्टकडे वळणे हा सुरक्षित पर्याय होता. चार्ल्सने दक्षिणेला, युक्रेनकडे वळायचा निर्णय घेतला. तिथे न जळालेली शेते होती आणि कोसॅकांचा प्रमुख माझेपा आतून त्याच्याकडे यायला तयार होता.

या एका वळणाने तीन गोष्टी एकामागून एक बिघडल्या. लेव्हेनहाउप्ट एकटा पडला आणि ९ ऑक्टोबरला लेस्नायाला पीटरने त्याला गाठले. लढाई निकालाविना संपली, पण रात्रीच्या माघारीत त्याने गाड्या जाळल्या, तोफा पुरल्या, आणि राजापर्यंत पोचला तो साडेसहा हजारांच्या आसपास माणसे घेऊन, म्हणजे रसदेऐवजी आणखी खाणारी तोंडे. दुसरे, पुढे पाठवलेली तुकडी रस्ता चुकली आणि स्तारोदुब हे मोक्याचे शहर रशियनांनी आधी घेतले. तिसरे, माझेपा येऊन मिळाला तो अवघे काही हजार कोसॅक घेऊन. त्याची राजधानी बातुरिन, जिथे धान्य आणि दारूगोळा साठवला होता, ती पीटरचा सेनापती मेन्शिकोव याने नोव्हेंबरमध्ये बेचिराख केली आणि रहिवाशांची कत्तल केली. बाकीचे कोसॅक ते बघून गप्प बसले.

एवढे झाल्यानंतर थंडी येते. १७०८-०९ चा हिवाळा सगळ्या युरोपात भयंकर होता. फ्रान्समध्ये बिया जमिनीत गोठल्या. हादियाचच्या वाटेवर आणि वेशीवर हजारो सैनिक गारठून मेले किंवा हातपाय गमावून बसले. पण थंडीने रशियन सैनिकही मरत होते. फरक एवढाच की पीटर माणसे भरून काढू शकत होता. जानेवारीत व्हेप्रिक या किरकोळ गढीवर चार्ल्सने हल्ला केला. तट पाणी ओतून बर्फाचा केला होता, शिड्या टिकेनात, आणि मृत-जखमी मिळून सुमारे हजार माणसे गेली. त्या परिस्थितीत एका गढीसाठी हजार माणसे देणे हे अक्षम्य आहे.

वसंतात पोल्टाव्हाला वेढा पडला. वेढ्याला लागणारी बंदुकीची दारू नव्हती, होती ती ओल लागून कमकुवत झालेली. शिपाई रशियनांनी झाडलेल्या गोळ्या जमिनीतून वेचून परत वापरत होते. जूनच्या अखेरीस, सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, नदीकाठी पाहणी करताना चार्ल्सच्या डाव्या पायात गोळी शिरली. ताप चढला, काही दिवस तो वाचेल की नाही अशी स्थिती होती. ही बातमी कळताच पीटरने नदी ओलांडली आणि पोल्टाव्हाच्या उत्तरेला तटबंदीची छावणी उभारली: सुमारे ४२,००० माणसे, शंभरावर तोफा. छावणीकडे जाणाऱ्या दोन जंगलांमधल्या मोकळ्या वाटेवर त्याने मातीचे दहा लहान बुरूज बांधायला घेतले. सहा आडवे, चार उभे, पुढे स्वीडिशांच्या दिशेने निघालेले. उभ्यांपैकी दोन लढाईच्या रात्रीपर्यंत पूर्ण झाले नव्हते.

स्वीडिश योजना रेन्शोल्डची, आणि ती मुळात वाईट नव्हती. रात्रीच्या अंधारात बुरुजांमधून न थांबता निसटायचे, पहाटे छावणीच्या तोंडाशी उभे राहायचे, शत्रूला नदीच्या कड्यावर दाबायचे. हल्ल्याला सुमारे ८,२०० पायदळ, १८ बटालियन, आणि जवळपास तितकेच घोडदळ. तोफा फक्त चार, कारण वेगच हवा होता.

बिघडले ते असे. घोडदळ अंधारात वाट चुकले आणि उशिरा आले. तोवर उजाडू लागले, बुरुजांवर कामावर असलेल्या रशियनांनी स्वीडिशांना पाहिले आणि तोफा सुरू झाल्या. बुरूज घ्यायचे की टाळून जायचे, हे खालच्या अधिकाऱ्यांना नीट सांगितलेलेच नव्हते. रेन्शोल्ड आणि पायदळाचा प्रमुख लेव्हेनहाउप्ट यांचे आपसात पटत नव्हते, आणि एरवी दोघांना जोडणारा राजा ताप घेऊन पालखीत पडला होता. जखमेचा खरा परिणाम हा. त्याच्या तलवारीची उणीव पडली नसती, त्याच्या शब्दाची पडली. पहिले दोन बुरूज पडले. तिसऱ्यावर रूस नावाच्या सेनापतीने सहा बटालियन, सुमारे २,६०० माणसे, शिड्यांशिवाय पुन्हा पुन्हा घातली. त्यात दालार्ना प्रांताची नावाजलेली पलटणही होती. हजारावर माणसे पडली, उरलेल्यांचा मुख्य सैन्याशी संपर्क तुटला आणि ती पुढे शरण गेली. एक तृतीयांश पायदळ छावणी दिसण्याआधीच गेले.

दरम्यान लेव्हेनहाउप्ट दक्षिणेकडून बुरूज टाळून थेट छावणीच्या तटाखाली पोचला होता आणि हल्ल्याच्या बेतात असताना त्याला मागे बोलावले गेले. तो हुकूम कुणी दिला यावर नंतर दोघांनीही हात वर केले. मग रूसची वाट बघत सैन्य सुमारे दोन तास जंगलाकडेच्या खोलगट जागेत थांबले. अचानक हल्ल्याची सगळी किंमत त्या दोन तासांत संपली. पीटरने पायदळ बाहेर काढून रांगा लावल्या: ४२ बटालियन, सुमारे २२,०००, समोर तोफा. त्यांच्यावर चालून गेली ती दहा बटालियन, चार हजार माणसे. रांग पुरेल एवढी लांब करायला बटालियनांमध्ये अंतर ठेवावे लागले, तरीही रशियन रांग दोन्ही टोकांना लांबच होती. उजवी बाजू ठरलेल्या पद्धतीने घुसली, पहिली रशियन रांग मागे रेटली, काही तोफाही घेतल्या. डावी बाजू तोफांच्या माऱ्याने जागीच विरली. मधल्या भगदाडात रशियन शिरले. उप्लांड प्रांताची पलटण जवळपास पुसली गेली. अर्ध्या तासात संपले. ६,९०० च्या आसपास मेले, २,८०० पकडले गेले. रेन्शोल्डही कैद झाला.

खरा नाश मात्र तीन दिवसांनी झाला. पेरेव्होलोच्नाला नीपर नदीच्या काठी नावा नव्हत्या. चार्ल्स हजारभर माणसांनिशी माझेपासह पलीकडे गेला, आणि ११ जुलैला लेव्हेनहाउप्टने चौदा हजारांहून अधिक माणसांनिशी मेन्शिकोवच्या नऊ हजारांपुढे शस्त्रे खाली ठेवली. पोल्टाव्हाचे नुकसान दोन वर्षांत भरता आले असते, पण या शरणागतीने ते सैन्यच नाहीसे झाले.

पुढची पाच वर्षे तुर्की मुलखातली, ती थोडक्यात सांगतो. आजच्या मोल्दोव्हातल्या बेंडेरला बसून त्याने सुलतानाला रशियाविरुद्ध उठवले. जुलै १७११ मध्ये प्रुत नदीकाठी वजिराने पीटरला पूर्ण कोंडीत धरले आणि आझोव्हचा किल्ला परत घेऊन सोडून दिले. चार्ल्स घोडा फेकत पोचला तोवर तह झाला होता. शेवटी यजमानही कंटाळले. फेब्रुवारी १७१३ मध्ये तुर्की सैन्याने त्याचे घर वेढून, जाळून त्याला पकडले. १७१४ च्या शरदात तो टोपणनावाने निघाला आणि आजच्या रोमानियातून व्हिएन्नामार्गे उत्तर जर्मनीतल्या, स्वीडनच्या ताब्यातल्या श्ट्रालझुंडपर्यंत दोन हजारांहून अधिक किलोमीटर घोड्यावर आणि डाकगाडीतून साधारण दोन आठवड्यांत कापले. तोवर बाल्टिक प्रांत आणि फिनलंड गेले होते, १७१० च्या प्लेगने स्टॉकहोमची सुमारे एक तृतीयांश वस्ती मारली होती. १७१५ च्या अखेरीस श्ट्रालझुंडही पडले.

घरी परतल्यावर त्याने जे उभे केले ते एका अर्थाने नार्वापेक्षा थक्क करणारे आहे. आपला आर्थिक सल्लागार बॅरन ग्योर्ट्झ याच्या मदतीने तांब्याची टोकन नाणी काढली. चेहरामूल्य एक चांदीचा डालर, आतले तांबे नगण्य किमतीचे. १७१५ ते १७१९ मध्ये अशी दहा प्रकारची नाणी निघाली, काहींवर शनी, गुरू, मंगळ अशा रोमन देवता. गरजेपुरती काढली तेव्हा ती चालली; हाताबाहेर छापली गेली तेव्हा भाव भडकले आणि लोकांचा विश्वास उडाला. त्या पैशातून त्याने पुन्हा चाळीस हजारांच्या आसपास सैन्य उभे केले. याच काळात लुंडला मुक्काम असताना तो स्वीडनबोर्ग हा विद्वान आणि पोलहेम हा अभियंता यांच्याशी गणितावर चर्चा करी, आणि दहाऐवजी चौसष्टच्या पायावरची अंकपद्धत त्याने सुचवली होती. १७१८ मध्ये स्वीडनबोर्गच्या देखरेखीखाली काही युद्धनौका जमिनीवरून ओढत नॉर्वेच्या सीमेवरच्या खाडीत नेल्या गेल्या.

नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे होता, आणि लक्ष्य होते तिथला सीमेवरचा फ्रेडरिकस्टेनचा किल्ला. फ्रेंच अभियंता मेग्रे मोर्चे खणत पुढे सरकवत होता. ११ डिसेंबर १७१८ च्या रात्री, नऊ-दहाच्या सुमारास, चार्ल्स मोर्च्याच्या कठड्यावर डोके काढून काम बघत असताना एक गोळी त्याच्या कवटीच्या एका बाजूने शिरून दुसरीकडून बाहेर पडली. तो जागीच ठार झाला. वय ३६.

आपल्याच माणसाने मारले का, हा वाद तेव्हापासून आहे, आणि मेहुणा हेस्सेचा फ्रेडरिक याच्यावर संशय घेतला गेला. कवटी १७४६, १८५९ आणि १९१७ मध्ये तपासली गेली. १९१७ ची छायाचित्रे उपलब्ध आहेत. गणवेशाच्या बटणापासून केलेल्या गोळीने मारल्याची कथाही प्रसिद्ध आहे, आणि तसे एक बटण १९२४ मध्ये सापडले, पण त्यातून काही सिद्ध झालेले नाही. शिशाची बंदुकीची गोळी कवटीत शिरली की चेपते आणि शिशाचे कण मागे ठेवते. कवटीची भोके मोठी, सुमारे दोन सेंटिमीटरची, आणि शिशाचा माग नाही. २०२२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी कृत्रिम कवट्यांवर गोळ्या झाडून हेच तपासले आणि निष्कर्ष काढला की ती २० मिलिमीटरपेक्षा मोठी, शिशाहून कठीण गोळी होती, म्हणजे किल्ल्यातल्या तोफेचा छर्रा. किल्ला प्रकाशगोळे टाकून मोर्चे उजळत होता आणि रात्रभर छर्रे मारत होता. अशा जागी डोके वर काढणाऱ्याला मारायला कट लागत नाही.

राजा मरताच वेढा उठला. उत्तरेत आर्मफेल्ट या स्वीडिश सेनापतीचे सैन्य ट्रॉनहाइमहून डोंगर ओलांडून परतताना नववर्षाच्या दिवसांत वादळात सापडले आणि सुमारे तीन हजार माणसे गोठून मेली. त्यातले बहुतेक फिनिश. ग्योर्ट्झचा काही महिन्यांत शिरच्छेद झाला. बहीण उल्रिका एलेओनोरा गादीवर आली, पण संसदेने आधी निरंकुश सत्ता सोडायला लावली. १७१९-२० च्या राज्यघटनेनुसार संसदेच्या संमतीशिवाय राजाला आक्रमक युद्ध सुरू करता येईना. १७२१ च्या नीस्टाडच्या तहाने लिव्होनिया, एस्टोनिया, इंग्रिया आणि कारेलियाचा काही भाग रशियाकडे गेला. पीटरने बदल्यात २० लाख थालर मोजले. या युद्धात स्वीडन आणि फिनलंडची मिळून सुमारे दोन लाख माणसे मेली असा अंदाज आहे. शेतकऱ्यांच्या गटाने एक शिपाई द्यायची ती पद्धत मात्र तशीच चालू राहिली आणि सार्वत्रिक लष्करी सेवा लागू झाल्यावर १९०१ मध्ये बंद करायचे ठरले.